फिजिक्सच्या पेपरात गणित नेमकं कुठे अडतं

फिजिक्सच्या परीक्षेआधी मुलं एकत्र अभ्यासाला बसली की बोलणं हमखास गणितावर जातं. "ही स्टेप कशी आली?" असं कुणीतरी विचारतं आणि अर्धा तास त्यातच जातो. हा अर्धा तास वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही. बहुतेक वेळा खरा अभ्यास तेवढ्यातच होतो. अट एकच, बोलणं त्या अडलेल्या स्टेपपाशीच राहायला हवं. गणिताचं पुस्तक पहिल्या धड्यापासून उघडून बसलात तर फिजिक्स राहून जाईल, आणि गणितही पेपरात लागतं त्या रूपात हाताशी येणार नाही.

हायड्रोजनच्या ग्राउंड स्टेटचं (सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेचं) नॉर्मलायझेशन घ्या, म्हणजे इलेक्ट्रॉन कुठेतरी सापडण्याची एकूण शक्यता १ होईल असा स्थिरांक काढणं. वेव्ह फंक्शन सगळ्यांना पाठ असतं: ई रेज टू मायनस आर बाय ए, इथे आर म्हणजे केंद्रकापासूनचं अंतर आणि ए म्हणजे बोर त्रिज्या. त्याचा वर्ग करून इंटिग्रेट करायचं, इथवर कुणी चुकत नाही. चूक होते ती पुढे, व्हॉल्यूम एलिमेंटमधला (घनफळाच्या सूक्ष्म तुकड्यातला) आर स्क्वेअर साइन थीटा लिहायचा राहून जातो तिथे. तो लिहिला तर कोनांचे ४ पाय, आरच्या इंटिग्रलचे ए क्यूब बाय ४, गुणाकार पाय ए क्यूब. म्हणजे स्थिरांक १ भागिले वर्गमूळात पाय ए क्यूब. आर स्क्वेअर विसरलात तर आरचं इंटिग्रल ए बाय २ येतं आणि सगळं मिळून २ पाय ए. हे चूक आहे हे पुस्तक न उघडता कळतं. वेव्ह फंक्शनच्या वर्गाचं एकक 'दर घनफळामागे' असं असतं, त्यामुळे उत्तरात लांबीचा घन यायलाच हवा. नुसती लांबी आली की समजा, आर स्क्वेअर गळला.

याच गणितावर आणखी थोडं भांडा, ते फायद्याचं आहे. इलेक्ट्रॉन सापडण्याची घनता सर्वांत जास्त कुठे? केंद्रकापाशी, आर शून्य असताना. सर्वांत संभाव्य अंतर किती? ए. सरासरी अंतर किती? दीडपट ए. एकाच वेव्ह फंक्शनची ही तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. पहिल्यात आर स्क्वेअर नाही, दुसऱ्यात आहे, तिसऱ्यात आर आणखी एकदा गुणला जातो. हा फरक ज्याला न अडखळता सांगता आला, त्याला व्हॉल्यूम एलिमेंट समजला. जाता जाता: गणिताच्या अनेक पुस्तकांत थीटा आणि फाय यांची अदलाबदल असते. फिजिक्समध्ये थीटा झेड अक्षापासून मोजतात आणि तो शून्य ते पाय जातो. दोन पुस्तकं समोर ठेवून चर्चा करत असाल तर हे आधी कागदावर लिहून घ्या, नाहीतर वाद नुसत्या अक्षरांवर होईल.

थर्मोडायनॅमिक्समध्ये वेगळा सापळा आहे. दाब, घनफळ, तापमान यांचे तीन पार्शल डेरिव्हेटिव्ह गोल फिरवून गुणले की उत्तर उणे १ येतं. अपूर्णांकासारखं वरखाली कापलं तर अधिक १ मिळतं, आणि पुढची सगळी चिन्हं उलटतात. आयडियल गॅसवर तपासून बघा, दोन ओळींचं काम आहे. तापमान स्थिर ठेवून दाबाचा घनफळानुसार डेरिव्हेटिव्ह उणे एनआरटी बाय व्ही स्क्वेअर. दाब स्थिर ठेवून घनफळाचा तापमानानुसार एनआर बाय पी. घनफळ स्थिर ठेवून तापमानाचा दाबानुसार व्ही बाय एनआर. गुणाकार उणे एनआरटी बाय पीव्ही, म्हणजे उणे १. दर वेळी वेगळी राशी स्थिर ठेवलेली आहे, म्हणून कापाकापी चालत नाही. कंसाबाहेर खाली लिहिलेलं ते छोटं अक्षर कंटाळा करून गाळू नका. सगळा अर्थ त्यातच आहे.

टेलर विस्तारात, म्हणजे फंक्शन लहान लहान होत जाणाऱ्या पदांच्या बेरजेत मांडताना, दोन गोष्टी सांभाळा. विस्तार नेहमी एकक नसलेल्या लहान गुणोत्तरात करायचा, आणि शून्य न होणारं पहिलं पद येईपर्यंत थांबायचं नाही. डायपोलच्या (डी अंतरावरच्या अधिक क्यू आणि उणे क्यू चार्जेसच्या) अक्षावर झेड अंतरावरचं फील्ड काढताना मुलं "झेड खूप मोठा, डी सोडून द्या" म्हणतात. मग दोन्ही चार्जेसची पदं एकमेकांना खातात आणि उत्तर शून्य. डी बाय झेडचं पहिलं पद ठेवलं की २केक्यूडी बाय झेड क्यूब मिळतं. रिलेटिव्हिस्टिक कायनेटिक एनर्जीतही (गॅमा वजा १, गुणिले एमसी स्क्वेअर; गॅमा म्हणजे १ भागिले वर्गमूळात १ वजा व्ही स्क्वेअर बाय सी स्क्वेअर) गॅमा वजा १ मधला १ निघून जातो, उरतं त्याचं पहिलं पद अर्धा एमव्ही स्क्वेअर. पुढचं पद त्याच्या तुलनेत ३/४ व्ही स्क्वेअर बाय सी स्क्वेअर. प्रकाशाच्या एक दशांश वेगाला ही दुरुस्ती ०.७५ टक्के. हा आकडा स्वतः काढून पाहिला की "अंदाजे" या शब्दाला वजन येतं.

गॉसियन इंटिग्रल्सची यादी पाठ करण्यात वेळ घालवू नका. एकच लक्षात ठेवा: उणे अनंत ते अनंत, ई रेज टू मायनस अल्फा एक्स स्क्वेअर, उत्तर वर्गमूळात पाय बाय अल्फा. अल्फानुसार डेरिव्हेटिव्ह घेऊन चिन्ह बदललं की एक्स स्क्वेअरचं इंटिग्रल येतं, पुन्हा घेतलं की एक्स रेज टू ४ चं. गडबड मॅक्सवेलच्या वेगवाटपात (वायूतल्या रेणूंचे वेग कसे विभागलेले असतात त्याच्या सूत्रात) होते. सरासरी वेगासाठी व्ही क्यूबचं इंटिग्रल लागतं आणि कुणीतरी "ऑड फंक्शन, म्हणून शून्य" म्हणून मोकळं होतं. वेगाचं मान ऋण नसतं, मर्यादा शून्यापासून सुरू होते, आणि उत्तर १ भागिले २ अल्फा स्क्वेअर. शेवटी तिन्ही वेग शेजारी लिहा (इथे के म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक, टी तापमान, एम रेणूचं वस्तुमान): केटी बाय एमच्या वर्गमूळाच्या १.४१ पट सर्वांत संभाव्य, १.६० पट सरासरी, १.७३ पट आरएमएस (वेगाच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ). क्रम उलटा आला तर कुठेतरी गुणांक चुकला आहे.

एसी सर्किटमध्ये कॉम्प्लेक्स व्होल्टेज आणि करंट गुणून मग रिअल पार्ट घेतला तर पॉवर चुकते, कारण दोन इमॅजिनरी भागांचा गुणाकारही रिअल होऊन आत घुसतो. सरासरी पॉवरसाठी करंटचा कॉन्ज्युगेट (इमॅजिनरी भागाचं चिन्ह बदललेलं रूप) घेऊन व्होल्टेजशी गुणा, त्याचा रिअल पार्ट घ्या आणि अर्ध्याने गुणा.

आता, वाद कुठे थांबवायचा? गॉसियनमध्ये इंटिग्रलच्या आत डेरिव्हेटिव्ह घेता येतो का, हा प्रश्न रास्त आहे, पण फंक्शन इतक्या वेगाने शून्याकडे जातं की इथे अडचण नाही. एवढं म्हणून पुढे जा. याउलट आर युनिट व्हेक्टर भागिले आर स्क्वेअर (एका बिंदू चार्जच्या फील्डचं रूप) याच्या डायव्हर्जन्सवर तासभर गेला तरी जाऊ द्या. सूत्रात घातलं तर शून्य येतं, गोलाच्या पृष्ठभागावरून फ्लक्स काढला तर ४ पाय येतो. दोन्ही एकदम खरं कसं? कारण सूत्र मूळ बिंदूपाशी लागूच होत नाही, आणि सगळा चार्ज तिथेच आहे. डेल्टा फंक्शन (एकाच बिंदूत सगळं साठवणारं, बाकी सगळीकडे शून्य) का लागतं हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं व्याख्या वाचून दिसत नाही.

चर्चेची पद्धत साधी ठेवा. एकाने पुस्तक मिटून लिहायचं, बाकीच्यांनी प्रत्येक बरोबरच्या चिन्हाला विचारायचं: ही व्याख्या, आधीच्या ओळीतून निघालेलं, की अंदाज? पुस्तकात तिन्हींना एकच चिन्ह वापरलेलं असतं आणि निम्मा गोंधळ त्यातूनच होतो. दुसऱ्या दिवशी तेच डेरिव्हेशन प्रत्येकाने एकट्याने, कोऱ्या कागदावर करायचं. गटात माना हलवणं सोपं असतं, म्हणून ही पायरी कुणीही टाळू नये.

परीक्षेच्या आदल्या दिवशी एकाच पानावर चार गोष्टी लिहा: तिन्ही कोऑर्डिनेट सिस्टिमचे (कार्टेशियन, सिलिंड्रिकल, स्फेरिकल) व्हॉल्यूम एलिमेंट मर्यादांसकट, वरचं ते एक गॉसियन, बायनॉमियल विस्ताराची पहिली तीन पदं, आणि फूरिए ट्रान्सफॉर्ममध्ये २ पाय कुठे ठेवायचा ते. शेवटची गोष्ट पुस्तकागणिक बदलते: कुणी दोन्हीकडे २ पायचं वर्गमूळ ठेवतं, कुणी पूर्ण २ पाय एकाच बाजूला. वर्गात जी रीत शिकवली तीच लिहा आणि पेपरभर तीच ठेवा.