आयडी उडाली? रडू नका, मामाचा फोन आहे

सर्वप्रथम अभिनंदन. मोबाइलवर बंदुकीचा गेम खेळताना तुमच्या आयडीवर, म्हणजे गेमच्या खात्यावर, १० वर्षांच्या बंदीची पाटी झळकली म्हणजे तुम्ही मोठे खेळाडू झालात. एवढ्या लांबची तारीख कोर्टसुद्धा देत नाही. बंदी कशापायी आली हे आम्ही विचारणार नाही. भिंतीपल्याडचा माणूस तुम्हाला लाल रंगात दिसत होता आणि तुमची गोळी वाट वाकडी करून त्याच्या डोक्यातच जात होती, याला नजर लागते. लातूरच्या ट्यूशन एरियात सकाळी सहाला बायोलॉजी आणि रात्री बाराला टेलिग्रामवरून आणलेलं पॅनल (गेममध्ये लबाडी करायचं हॅक), एवढी मेहनत घेणाऱ्या पोराला चीटर म्हणवतं तरी कसं लोकांना!

थांबा म्हणणारे भेटतील. वाट बघणं आम्हाला नवं नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी येईस्तोवर अख्खं लातूर घागरी घेऊन थांबलं होतं. पण ते पाणी होतं. इथं सीझन संपायला आलाय.

आणि पळवाटा शोधण्यात आपला पाया पक्का आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं ११८ अ‍ॅप बंद केली, त्यात पबजी गेलं. त्याच आठवड्यात गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही व्हीपीएन, म्हणजे बंदी चुकवायची चोरवाट, कळू लागला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर हा गेम गेला, पण त्याचाच भाऊ फ्री फायर मॅक्स राहिला. यातून विद्यार्थ्यानं काय घ्यावं? नावाला शेपूट लावावं. म्हणून तुमची नवी आयडी 'लातूरचा वाघ' ऐवजी 'लातूरचा वाघ मॅक्स'. नाव बदलायचं नाही, नाहीतर मित्र ओळखणार कसे? मागच्या वेळी ज्यांनी रिपोर्ट मारले तेही ओळखतील, पण प्रसिद्धीला दोन बाजू असायच्याच.

आधी अपील मात्र करून घ्या. मजकूर ठरलेला: मी निर्दोष आहे, माझा लहान भाऊ खेळला. भाऊ नसेल तर चुलत काढा. 'प्लीज सर' सढळ हातानं पेरा. उत्तर यंत्राकडून येईल. मनाला लावून घेऊ नका, तेही नोकरी करतंय.

आदर्श हवा असेल तर २०१८ साली शांघायला काउंटर-स्ट्राइक या गेमच्या स्पर्धेला गेलेला आपल्याच देशाचा खेळाडू 'फोर्सेकन' आठवा. पंच संगणक तपासायला आले तर पठ्ठ्या त्यांच्या डोळ्यांदेखत हॅकची फाइल पुसायला लागला. फाइलीचं नाव 'वर्ड डॉट ईएक्सई'. ऐन सामन्यात पोरगं रजेचा अर्ज टाइप करत असेल, एवढं पंचांच्या ध्यानात येऊ नये? संघ स्पर्धेतून बाद, मग संघच बरखास्त, आणि याला ५ वर्षं. तुम्हाला १० मिळाली. थोर कोण, हे तुम्हीच ठरवा.

आता मुख्य अडचण. पबजीचाच भारतीय अवतार असलेल्या बीजीएमआयनं डिसेंबर २०२१ पासून आयडीसोबत फोनवरच बंदी घालायला सुरुवात केली. म्हणजे नवी आयडी काढली तरी फोन जुनाच, आणि तो फोन तुम्हाला ओळखतो. इथं कमजोर पोरं हार मानतात. तुम्ही घरात नजर फिरवा. आईचा फोन आहे. त्यावर बचत गटाचा ग्रुप आणि हरिपाठ आहे, पॅनलला जागा पुरत नसेल तर हरिपाठ काढा. तो फोन गेला की ताईचा. ताईचा गेला की अप्पांचा नंबर.

अप्पांचा फोन मोंढ्यात असतो, तरी नव्या आयडीसाठी त्यांच्या नंबरवर आलेला ओटीपी मिळतोच. आडतीवर सोयाबीनची बोली सत्तेचाळीसशेवर अडकलेली असताना तुम्ही फोन लावायचा.

"अप्पा, मेसेज आलाय बघा, आकडा सांगा लवकर."

"कशाचा आकडा मागूलालास रे?"

"कॉलेजचा हाय."

अप्पा चष्मा कपाळावर सारून मोठ्यानं वाचतात, "अठ्ठेचाळीस..." आणि पलीकडचा खरेदीदार चमकून बघतो, कारण एवढा भाव त्यानं दिलेलाच नसतो. पुढचे चार आकडे गलक्यात हरवतात. अप्पांना पुन्हा फोन लावा. त्यांना राग येत नाही, पोरगं कॉलेजचं काहीतरी भरतंय म्हणून ते पोत्यांच्या आडोशाला जाऊन हळू आवाजात, एकेक आकडा सुटा करून सांगतात. असा बाप तुम्हाला मिळालाय, वापरा.

संगणकावर खेळत असाल तर कामाला आणखी वाव आहे. व्हॅलोरंट या गेमचा लबाडी पकडणारा पहारेकरी व्हॅनगार्ड तुम्ही गेम उघडायच्या आधी, संगणकाबरोबरच उठून बसतो आणि बंदी आली तर ती संगणकाच्याच नावे टाकतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा पहारेकरी व्हॅक त्याहून शांत. पकडल्यावरही मुद्दाम काही दिवस गप्प राहतो आणि मग एकदम शेकड्यांनी उडवतो, म्हणजे नेमकं कोणतं हॅक सापडलं ते कुणाला कळू नये. यावर टेलिग्रामवाला दादा इलाज देतो: आधी पैसे पाठव, मग अँटीव्हायरस बंद करून ही फाइल चालव. निःशंक चालवा. अप्पांचं बँक खातं त्याच संगणकावर उघडत असलात तरी काय झालं, ज्याचं नावही ठाऊक नाही त्या माणसावर एवढा विश्वास टाकणारी माणसं आता राहिली कुठं!

घरातले फोन संपले की दिवाळीत मामाच्या गावाला औशाला जा. मामा साधा माणूस, भाच्याला नाही म्हणत नाही. मामी पुढ्यात चिवडा ठेवतील. एका हातानं खा, दुसऱ्यानं पॅनल चढवा. मामाचं पोरगं त्याच फोनवर कसलंही हॅक न लावता खेळतं, तीन सीझन घासून क्राउन या वरच्या पायरीला पोचलंय, हे तुम्हाला भाऊबीजेनंतर कळेल. तोवर फोन गेलेला असेल. पोरगं अपील लिहायला बसेल, 'सर, मी काही केलं नाही, माझा आतेभाऊ खेळला', आणि यंत्र त्यालाही तेच उत्तर पाठवेल जे तुम्हाला पाठवलं होतं. त्याच्याशेजारी बसा, 'प्लीज सर' कुठं कुठं घालायचं ते दाखवा. तुमचा हात बसलाय.