विकता येते, हीच त्या स्किनची खोट आहे

काउंटर-स्ट्राइकवाल्यांचा व्हॅलोरंटवाल्यांना एक ठरलेला टोमणा असतो. "आमची स्किन आम्ही उद्या विकू शकतो, तुमचे पैसे पाण्यात." आमच्या ग्रुपवर हा वाद अधूनमधून पेटतोच. मी स्वतः काउंटर-स्ट्राइकवाला, नेटकॅफेतल्या १.६ या जुन्या आवृत्तीच्या जमान्यापासूनचा. तरी या भांडणात मी व्हॅलोरंटवाल्यांच्या बाजूने आहे. विकता येणं हा त्या स्किनचा गुण आहे असं सगळे धरून चालतात. मला वाटतं सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. दोन्ही बंदुकीचे गेम. पाच विरुद्ध पाच, एक टीम बॉम्ब लावणार, दुसरी अडवणार. स्किन म्हणजे बंदुकीवरचा रंग आणि नक्षी. तिने खेळात काडीचाही फरक पडत नाही. हजारो रुपयांच्या एके-४७ ची गोळी फुकटातल्या एके-४७ इतकीच लागते, आणि ज्याला नेम धरता येत नाही त्याला सोन्याची बंदूक दिली तरी तो भिंतीवरच गोळ्या झाडणार.

हौसेबद्दल माझी काही तक्रार नाही. हौसेला मोल नसतं. राउंड सुरू व्हायच्या आधी एफ दाबून बंदूक उलटीपालटी करून बघण्यात मजा असतेच. टीममधले मेले की आपल्या स्क्रीनवरून खेळ बघत असतात, तेव्हा "अरे, ही कधी घेतलीस?" असं कोणी विचारलं की बरं वाटतं. आमच्यातल्या एकाने त्याच्या एडब्ल्यूपीला (लांबून नेम धरायची बंदूक) नाव दिलंय, 'हात लावू नको', रोमन लिपीत. तो मेला की बंदूक जमिनीवर पडते, समोरचा ती उचलतो, स्किन आणि नाव तसंच राहतं, आणि पुढच्या दहा सेकंदांत आम्ही सगळे 'हात लावू नको'नेच मरतो. यासाठी त्याने जे काही पैसे घातले असतील ते वसूल झाले असं माझं प्रामाणिक मत आहे.

प्रश्न आहे तो पैसे कशासाठी घातले याचा. रंग आवडला म्हणून, की उद्या भाव चढेल म्हणून?

हे सगळं सुरू झालं ते टोप्यांपासून. व्हॉल्व्ह कंपनीचा (काउंटर-स्ट्राइकही त्यांचाच) टीम फोर्ट्रेस २ हा गेम २००७ मध्ये आला. नऊ पात्रं, प्रत्येकाची आकृती इतकी वेगळी घडवलेली की लांबून नुसती सावली दिसली तरी हा हेवी की मेडिक ते कळावं. टीम गेममध्ये ही गोष्ट जीवनमरणाची असते, कारण समोर कोण आलाय त्यावर पळायचं की भिडायचं ते ठरतं. २००९ मध्ये त्यात टोप्या आल्या. २०१० च्या सप्टेंबरमध्ये दुकान, अदलाबदल आणि किल्ली लावून उघडायची खोकी आली, आणि २०११ मध्ये गेम फुकट झाला. डोक्यावर आगीचे लोट, धुराचे ढग आणि काय काय घेऊन पात्रं फिरू लागली. ज्या सावलीवर एवढी मेहनत घेतली होती तिचं पुढे काय झालं ते कुठल्याही सर्व्हरवर जाऊन बघा.

टोप्यांचा खराखुरा बाजार उभा राहिला. २०१० मध्ये मॅकवर गेम आला तेव्हा त्यावर खेळणाऱ्यांना पांढरे इअरबड्स फुकट वाटले होते. पुढे काही वर्षं हे इअरबड्स चक्क चलन म्हणून चालत होते. अमुक टोपीचे इतके बड्स, तमुक टोपीचे तितके. २०१२ मध्ये व्हॉल्व्हने हे सगळं अभ्यासायला एक अर्थशास्त्रज्ञ नोकरीला ठेवला, यानिस व्हारुफाकिस. हेच गृहस्थ २०१५ मध्ये ग्रीसचे अर्थमंत्री झाले. (टोप्यांचा बाजार बघून झाल्यावर ग्रीसचं कर्ज त्यांना सोपं वाटलं असेल का, माहीत नाही.)

मग ऑगस्ट २०१३ मध्ये तीच युक्ती काउंटर-स्ट्राइकमध्ये आली, यावेळी बंदुकांवर.

केस, म्हणजे स्किनची बंद पेटी, उघडताना काय होतं ते एकदा नीट बघा. २.४९ डॉलरची किल्ली लावायची. स्क्रीनवर स्किनची एक पट्टी आडवी धावू लागते, टकटकटकटक. निळी, निळी, जांभळी, निळी. (हे रंग दुर्मीळपणाचे, निळी सगळ्यात साधी.) वेग कमी होतो, टक... टक... एखादी लाल स्किन मधल्या रेघेपर्यंत येते, रेघेवर क्षणभर रेंगाळते आणि किंचित पुढे सरकते. निळी. तुम्ही म्हणता, "च्यायला, थोडक्यात गेली." काहीही थोडक्यात गेलेलं नसतं. काय मिळणार हे सर्व्हरने ठरवून टाकलेलं असतं, पट्टीचा नाच नुसता तुमच्यासाठी असतो. ज्याने कोणी तो शेवटचा रेंगाळणारा क्षण बनवला त्याला माणसाचं मन चांगलंच कळतं.

चीनमध्ये नियम बदलल्यामुळे तिथल्या वितरकाला २०१७ मध्ये शक्यतांचे आकडे जाहीर करावे लागले. निळी ७९.९२ टक्के, जांभळी १५.९८, गुलाबी ३.२, लाल ०.६४, आणि ज्याच्यासाठी सगळा आटापिटा तो चाकू किंवा तत्सम दुर्मीळ वस्तू ०.२६ टक्के. सरासरी ३८५ केसमागे एक चाकू. नुसत्या किल्ल्यांचेच साडेनऊशे डॉलरच्या वर झाले, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या पुढे. केसची किंमत वेगळी. आणि ३८५ केस कोरड्या गेल्या म्हणून ३८६वी काही तुमच्यावर दया दाखवत नाही. निळ्या स्किन मात्र ढीगभर मिळतात, त्यातल्या बहुतेकींची बाजारातली किंमत किल्लीच्या आसपासही फिरकत नाही.

आता विकण्याच्या मुद्द्यावर येतो. समजा ही स्किन विकताच आली नसती. मग केसमधून चाकू निघाला तर तुम्हाला काय मिळालं? एक छान दिसणारा चाकू. बस. त्यासाठी कोण ऐंशी हजार घालेल? विकता येतो म्हणूनच त्या चाकूला भाव आहे, भाव आहे म्हणूनच केस उघडणं ही पैसे लावून पैसे काढायची गोष्ट होते. लॉटरीच्या स्टॉलवर शाळेच्या गणवेशातलं पोर उभं राहिलं तर विक्रेताही हटकेल. इथे हटकायला कोणी नाही.

आणि विकणंही सरळ नाही बरं का. स्टीमच्या (व्हॉल्व्हचं गेमचं ऑनलाइन दुकान) बाजारात विकणाऱ्याला १०० मिळायचे तर घेणारा ११५ मोजतो, वरचे १५ कंपनीला. खोकं त्यांचं, किल्ली त्यांची, बाजारही त्यांचाच, आणि प्रत्येक वेळी वस्तूने हात बदलला की पुन्हा कमिशन. शिवाय ते १०० तुमच्या बँकेत येत नाहीत, स्टीम वॉलेटमध्येच पडून राहतात. त्यांचा दुसरा गेम घ्या नाहीतर आणखी किल्ल्या. खरे पैसे हवे असतील तर बाहेरच्या साइट्सवर जायचं, जिथे फसवणाऱ्यांची रांग लागलेली असते.

या बाहेरच्या दुनियेचे प्रताप जुने आहेत. स्किन लावून जुगार खेळायच्या साइट्स इतक्या फोफावल्या की २०१६ मध्ये व्हॉल्व्हने त्यातल्या २३ साइट्सना धंदा बंद करा म्हणून नोटिसा पाठवल्या. त्याच सुमारास दोन यूट्यूबर उघडे पडले. "बघा मी किती जिंकलो" असे व्हिडिओ ज्या साइटचे टाकत होते, ती साइट त्यांचीच होती. २०१९ मध्ये तर व्हॉल्व्हने स्वतःच सांगितलं की किल्ल्यांची जवळपास सगळी खरेदी-विक्री पैशांची अफरातफर करणाऱ्या टोळ्यांकडून होते आहे, आणि नव्या किल्ल्यांची अदलाबदल बंद केली. खेळण्यातल्या पेटीची खेळण्यातली किल्ली, आणि त्यावर आंतरराष्ट्रीय टोळ्या!

"पण भाई, गुंतवणूक म्हणून बघ ना." हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. ग्रुपवर एकजण कायम चार्ट टाकायचा, स्किनचे भाव सोन्यापेक्षा कसे जास्त चढले याचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका रात्रीत एक अपडेट आलं: पाच लाल स्किन द्या, चाकू किंवा हातमोजे घ्या. त्याआधी चाकू फक्त केसमधून निघायचे. झालं, चाकूंचे भाव धाडकन कोसळले, लाल स्किन आकाशाला भिडल्या, आणि अख्ख्या बाजारातून अब्जावधी डॉलरची किंमत पुसली गेली. ना कुठे युद्ध झालं, ना कुठली बँक बुडाली. एका कंपनीने एक नियम बदलला. चार्ट यायचे थांबले.

अर्थात नियम बदलायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, वस्तू त्यांचीच आहे. टीम फोर्ट्रेसमध्येही जुलै २०१९ ला असाच तमाशा झाला होता. एका चुकीमुळे काही जुन्या खोक्यांतून हमखास 'अनयुज्युअल' टोपी निघू लागली, एरवी ती शेकड्यात एखादी. काही तासांत बाजार उताणा. मग कंपनीने त्यातल्या बहुतेक टोप्यांच्या अदलाबदलीवर बंदी घातली. जिथे दुकानदार, टांकसाळ आणि न्यायाधीश एकच आहे, तिथे गुंतवणूक हा शब्द वापरू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

टीम फोर्ट्रेसवाल्यांचं दुखणं तर याहून मोठं. २०२० च्या आसपासपासून त्यांच्या सर्व्हरवर आपोआप नेम धरणाऱ्या बॉट्सचा, म्हणजे माणसाशिवाय खेळणाऱ्या प्रोग्रामचा, सुळसुळाट झाला. सर्व्हरवर जा, सेकंदात मरा, बाहेर या. खेळाडूंनी २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये मोहिमा चालवल्या, तेव्हा कुठे २०२४ च्या मध्याला साफसफाई झाली. या सगळ्या काळात खेळ धड खेळता येत नव्हता. टोप्यांचं दुकान मात्र व्यवस्थित चालू होतं.

बेल्जियमने २०१८ मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवलं, तिथे आज काउंटर-स्ट्राइकची केस उघडता येत नाही. आपल्याकडे? २०२१ मध्ये बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकीचा गेम आला तेव्हा अठराखालच्या मुलांसाठी नियम जाहीर झाले: दिवसाला तीन तास खेळ आणि खर्चाची मर्यादा ७००० रुपये. महिन्याला नाही हो, दिवसाला! कोणाच्या घरची पोरं डोळ्यांपुढे ठेवून हा आकडा काढला, त्यांना एकदा भेटायचंय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायच्या ॲपवर बंदी आली, रमी आणि फँटसी क्रिकेटची पैशांची टेबलं उठली. ई-स्पोर्ट्सला मात्र प्रोत्साहन. ते उत्तमच झालं. पण त्या चर्चेत क्रेट आणि केस अशा पेट्यांचं नाव कितीजणांनी घेतलं? घरातल्या मोठ्यांना रमी कळते. "पप्पा, यूसी टाकायचेत, ओटीपी सांगा" यातलं यूसी (बीजीएमआयमधलं चलन) म्हणजे काय आणि ते कुठल्या पेटीत जाणार, हे विचारायला आधी पेटी माहीत असावी लागते.

म्हणून भाचा-पुतण्यांनी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे. स्किन आवडली? परवडते? जी हवी तीच, किंमत बघून, बाजारातून थेट विकत घे, आणि पैसे गेले असं समजून खेळ. केस उघडायची नाही. फुकट मिळाली तर विकून टाक, ज्याला उघडायची खाज आहे तो घेईल.

आणि व्हॅलोरंटवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. २०२० मध्ये तुमचा एल्डरफ्लेम नावाच्या स्किनचा बंडल गेममधल्या ९९०० पॉइंटला, म्हणजे शंभरेक डॉलरला आला होता. ड्रॅगन होऊन गुरगुरणारी बंदूक, मान्य, मस्त होती. निदान काय मिळणार आणि कितीला मिळणार हे पैसे द्यायच्या आधी समोर लिहिलेलं होतं, म्हणून मी तुमच्या बाजूने. पण रोज चारच स्किन दाखवणारं आणि चोवीस तासांत बदलणारं ते दुकान काही साधंभोळं नाही. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन. तोवर कॉमेंटमध्ये काउंटर-स्ट्राइकवाल्यांच्या शिव्या ऐकायला बसलोय, या.