‘धूर होता, संपला विषय’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

‘भरदिवसा काळोख’ या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. आपलं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या नोंदींतला दिवसाचा अंधार म्हणजे एक तर ग्रहण, नाही तर वणव्याचा धूर, ‘न उलगडलेलं’ असे शब्द पेरून मी वाचक गोळा करतो, लेख नको तितका लांब आहे, आणि लिहिण्याआधी मी ‘शाळकरी विज्ञान तरी वाचावं’.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण झोंबलं तेच. माझी उभी हयात भूगोल शिकवण्यात गेली. मतभेद असू शकतात, पण अनोळखी माणसाशी बोलायची ही कोणती रीत? तेच वाक्य ‘मला हे पटलं नाही, कारण...’ असं सुरू झालं असतं, तर हे उत्तर चार ओळींत आटोपलं असतं. मथळा थोडा भडक होता, हे मान्य. ‘गूढ’ हा शब्द मी गाळायला हवा होता. झालं समाधान?

आता ग्रहण. खग्रास सूर्यग्रहण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ऐन मध्यावरही क्षितिजावर चहूकडे सांजवेळेसारखा उजेड असतो आणि काही मिनिटांत सगळं आटोपतं. खग्रास अवस्था एका जागी साडेसात मिनिटांहून फार टिकूच शकत नाही. शिवाय सूर्यग्रहणाला अमावास्या लागते. येशूच्या क्रूसावरच्या मृत्यूच्या वेळी दुपारी बारा ते तीन अंधार पडला, असं बायबलमधल्या शुभवर्तमानांत लिहिलं आहे. ते ज्यूंच्या वल्हांडण सणाचे दिवस, म्हणजे पौर्णिमेच्या आसपासचे. त्या नोंदीला श्रद्धा म्हणा, साहित्यिक अलंकार म्हणा, पण ग्रहण म्हणता येणार नाही. हे शाळकरी विज्ञानच आहे, बरं का.

19 मे 1780 चंही तेच. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागात सकाळीच अंधारून आलं, दुपारी मेणबत्त्या लावाव्या लागल्या, कोंबड्या खुराड्यात शिरल्या. तिथल्याच कनेटिकटच्या विधिमंडळात कयामत आली म्हणून सभा तहकूब करायची भाषा सुरू झाली, तेव्हा सभासद एब्राहम डेव्हनपोर्ट यांनी मेणबत्त्या मागवा आणि काम चालू ठेवा, असं सुनावलं. आदल्याच दिवशी पौर्णिमा झालेली होती. म्हणजे ग्रहण बाद. हार्वर्डचे प्राध्यापक सॅम्युएल विल्यम्स यांनी ठिकठिकाणच्या नोंदी गोळा केल्या. साठलेल्या पावसाच्या पाण्यावर काजळीसारखा थर आणि जळक्या पानांचा वास असल्याचं त्यांत आहे. (याच विल्यम्सनी त्या ऑक्टोबरात अमेरिकी स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना ब्रिटिशांच्या ताब्यातल्या किनाऱ्यावर जाऊन सूर्यग्रहण पाहिलं, आणि खग्रास पट्टा थोडक्यात हुकला! ग्रहण म्हणजे काय, हे त्या माणसाला माझ्याइतकं किंवा तुमच्याइतकं तरी नक्कीच कळत होतं.)

तर धूर. ‘धूर होता, संपला विषय’ हे तुमचं वाक्य. संपला कधी? 1780 मध्ये? तेव्हा धुराचा तर्क करणारे होते, पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. वणव्यातून वाचलेल्या झाडाच्या खोडावर जळाल्याचा व्रण राहतो आणि वार्षिक कड्या मोजून त्याचं साल काढता येतं. मिझुरी विद्यापीठाच्या अभ्यासकांनी कॅनडातल्या ऑन्टारिओच्या जंगलात हेच केलं आणि 1780 च्या वणव्याचे व्रण दाखवले. ते प्रसिद्ध झालं 2007 साली. म्हणजे सव्वादोनशे वर्षं हा प्रश्न उघडाच होता. उत्तर बरोबर निघालं म्हणून ते आधीपासून सिद्धच होतं, असं होत नाही. हा सगळा भाग लेखात होता. लेख लांब असल्यामुळे तुम्ही तिथवर पोचला नसाल.

आणि प्रत्येक वेळी ‘धूर’ म्हणून भागतही नाही. इ.स. 536 मध्ये सूर्य वर्षभर चंद्रासारखा निस्तेज प्रकाश देत होता, असं बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपियसनं लिहून ठेवलं. वर्षभर! कोणता वणवा इतका पुरतो? याचा छडा लागला तो ध्रुवीय बर्फात अडकलेल्या गंधकाच्या थरांतून: ज्वालामुखीचा उद्रेक. नेमका कोणता ज्वालामुखी, यावर अजून एकमत नाही. तुमचा ‘धूर’ इथे लावला असता तर बर्फात कुणी शोधायलाच गेलं नसतं. नोंद न उलगडलेली आहे असं म्हणणं म्हणजे भुताखेतांना आवतण देणं नव्हे. पुरावा हाती येईपर्यंत ‘कारण’ या रकान्यात काही भरायचं नाही, इतकंच.

बाकी शुद्धलेखन, परिच्छेदांची लांबी, माझा ‘हेतू’ वगैरेंना उत्तर देत बसत नाही. हेतूबद्दल तर मुळीच नाही. तो तुम्ही परस्पर ठरवून टाकलाच आहे.

पुढचा लेख सप्टेंबर 1950 वर आहे. पश्चिम कॅनडातल्या चिंचागा वणव्याचा धूर इतक्या उंचावरून गेला की पूर्वेकडे भरदुपारी दिवे लागले आणि स्कॉटलंडमध्ये सूर्य निळा दिसला. त्यात धूरच आहे, त्यामुळे तो तुम्हाला आवडावा. लांबी मात्र कमी होणार नाही.