गाडी सुरू झाली म्हणजे चावीचं काम झालं असं नाही

गाडीची एकच चावी उरली असेल तर दुसरी या आठवड्यातच बनवून घ्या. हातात एक चालू चावी असताना दुसरी बनवणं आणि सगळ्या हरवल्यावर पहिली बनवणं, ही दोन पूर्णपणे वेगळी कामं आहेत. पहिलं बहुतेक गाड्यांत अर्ध्या-पाऊण तासात उरकतं. दुसऱ्यात माणूस गाडीपाशी बोलवावा लागतो किंवा गाडी टो करावी लागते, पिन कोड (नवी चावी नोंदवायला लागणारा गाडीचा गुप्त आकडा) मिळवावा लागतो, काही मॉडेलांत मीटर कन्सोल खोलून आतल्या मेमरीचा डेटा काढावा लागतो. खर्च कित्येक पट होतो आणि गाडी तोवर जिथे आहे तिथेच. तरी लोक दुसरी चावी हरवली की 'आहे की एक' म्हणून दोन-दोन वर्षं काढतात.

पण पोस्ट लिहायचं खरं कारण वेगळं आहे. चावी बनवून झाल्यावर 'गाडी सुरू झाली ना? मग झालं' म्हणून पैसे देऊन निघणारे फार आहेत. गाडी सुरू करायचे तीन मार्ग आहेत आणि त्यातला एक तुमच्या गाडीचं कुलूपच काढून टाकतो.

आधी आत काय चालतं ते थोडक्यात. सुरुवातीच्या मारुती ८०० किंवा पद्मिनीच्या चावीत फक्त धातू होता. दाते जुळले की काम संपलं. आता चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात चिप असते. पुष्कळ गाड्यांत ती १२ × ६ × ३ मिलीमीटरचा काळा तुकडा असते, काहींत काचेची बारीक नळी, तर रिमोटवाल्या चावीत बऱ्याचदा ती रिमोटच्या सर्किटवरच बसवलेली असते. या चिपला सेल लागत नाही. इग्निशनच्या भोकाभोवती तांब्याच्या तारेची कॉइल असते. चावी फिरवली की ती साधारण १२५ किलोहर्ट्झचं क्षेत्र तयार करते, चिप त्यातूनच वीज घेते आणि स्वतःची ओळख सांगते. नव्या चिपांत नुसती ओळख पुरत नाही. गाडी एक आकडा पाठवते, चिप आतल्या गुप्त किल्लीने त्याचं उत्तर काढते. उत्तर बरोबर आलं तरच ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इंधन सोडतो. मारुतीवाले याला 'आयकॅट्स' म्हणायचे, बाकी कंपन्यांत सरळ इमोबिलायझर.

म्हणून चिप ओळखली गेली नाही की लक्षणं ठरलेली. सेल्फ व्यवस्थित लागतो पण इंजिन धरत नाही, किंवा फोक्सवॅगन-स्कोडासारखं एक-दोन सेकंद चालू होऊन बंद पडतं, आणि मीटरवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहतं. हे दिसलं की पेट्रोल पंप, स्पार्क प्लग यांच्या मागे लागू नका. आधी दुसरी चावी लावून बघा. आणि हो, एकाच रिंगमध्ये दोन चिपवाल्या चाव्या असतील तर त्या वेगळ्या करा. कॉइलजवळ दोन चिपा एकदम बोलायला लागल्या तर गाडीला एकीचंही कळत नाही.

रिमोट आणि चिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी त्या एकाच डोक्यात असल्या तरी. रिमोट सहसा ४३३ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्याचं काम दरवाजे उघडण्यापुरतं. त्याचा सेल संपला म्हणून फिरवायच्या चावीची गाडी बंद पडत नाही. कुणी सेल संपला म्हणून 'चावी पुन्हा प्रोग्रॅम करावी लागेल' सांगत असेल तर आधी नवा सेल टाकून बघा. सेलच्या नंबरातच माप लिहिलेलं असतं: सीआर २०३२ म्हणजे २० मिलीमीटर व्यास, ३.२ मिलीमीटर जाडी. त्या जागी २०२५ टाकला तर तो ०.७ मिलीमीटरने पातळ भरतो, संपर्क सैल राहतो आणि रिमोट कधी चालतो, कधी नाही. पुश बटणवाल्या गाडीत सेल संपला तरी मार्ग असतो: चावी बटणाला टेकवून किंवा ठरलेल्या खाचेत ठेवून गाडी सुरू होते. तुमच्या गाडीत ती जागा कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आत्ताच बघून ठेवा. रात्री घाटात शोधायची गोष्ट नाही ती.

केसिंग बदलताना होणारा घोळ तर रोजचा. फ्लिप चावी तुटली, बाजारातून नवं केसिंग आणलं, सर्किट उचलून त्यात बसवलं, पातं हलवलं, बटणं चालली. जुनं केसिंग कचऱ्यात. गाडी मात्र सुरू होत नाही, कारण चिप सर्किटवर नव्हती. जुन्या केसिंगच्या कोपऱ्यात, वेगळ्या खाचेत, गोंदाने चिकटलेली होती. जुनं केसिंग फेकण्याआधी उजेडात धरून प्रत्येक कप्पा बघा. चिप काढताना स्क्रू ड्रायव्हरने उचकू नका. काचेची असेल तर हमखास फुटते. बाजूचं प्लॅस्टिक कापत जा.

आता मूळ मुद्दा. पहिला मार्ग क्लोनचा. यंत्र जुन्या चिपमधला मजकूर वाचतं आणि कोऱ्या चिपवर जसाच्या तसा उतरवतं. गाडीच्या दृष्टीने चावी एकच, हातात मात्र दोन. जुन्या फिक्स कोडवाल्या, म्हणजे दर वेळी तीच ओळख सांगणाऱ्या, चिपा क्षणात कॉपी होतात. हायटॅग-२ नावाची चिप, म्हणजे बाजारात जिला आयडी ४६ म्हणतात, तिच्यासाठी यंत्र इग्निशनच्या कॉइलजवळ धरून गाडी आणि चावी यांच्यातला संवाद पकडावा लागतो. आयडी ४८, म्हणजे मेगामॉस, यात गुप्त किल्ली ९६ बिटची. ती काढायला डेटा सर्व्हरवर पाठवून हिशेब करावा लागतो, म्हणून चावीवाल्याला नेट लागतं आणि वेळही लागतो. चावीवाला गाडीत बसून यंत्र स्टेअरिंगजवळ धरून बसला तर तो टाइमपास करत नसतो.

दुसरा मार्ग प्रोग्रॅमिंगचा. ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाशी बोलायच्या सॉकेटला) यंत्र जोडून, पिन देऊन, नव्या चिपची ओळख गाडीच्या मेमरीत नोंदवली जाते. गाडीला आता खरोखर दोन चाव्या माहीत असतात.

फरक कुठे पडतो? चावी हरवते तेव्हा. प्रोग्रॅम केलेली चावी हरवली तर उरलेल्या चाव्या नव्याने नोंदवून हरवलेली बाद करता येते. क्लोन हरवला तर त्याला एकट्याला बाद करता येत नाही, कारण मूळ चावीची आणि त्याची ओळख एकच. एकाला बाद केलं की दुसरीही गेली. म्हणून माझं मत सरळ आहे: दोन्ही मूळ चाव्या शाबूत असतील आणि ड्रायव्हरसाठी तिसरी हवी असेल तर क्लोन चालेल. एक चावी हरवल्यामुळे दुसरी बनवत असाल तर प्रोग्रॅमिंगच करा, आणि त्याच वेळी हरवलेली काढून टाका.

प्रोग्रॅमिंगला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या घेऊन जा. ह्युंदाईत नोंदणी सुरू झाली की जुन्या सगळ्या पुसल्या जातात आणि त्या बैठकीत दाखवलेल्याच चालू राहतात, फोक्सवॅगन-स्कोडातही तसंच. गावाला ठेवलेली चावी सहा महिन्यांनी 'बिघडलेली' निघते ती यामुळेच. फोक्सवॅगन गटाची आणखी एक गंमत आहे. पात्याचा साचा दोन्हींचा एकच, एचयू ६६, पण चिप कंपनीनुसार आधीच कोड केलेली लागते. फोक्सवॅगन पोलोसाठी आलेली चिप स्कोडा रॅपिडला चालत नाही. चावी हुबेहूब दिसते, दार उघडते, आणि यंत्र 'नोंदणी अयशस्वी' दाखवत बसतं.

पिन बरोबर असूनही काम अडकतं त्याचं सगळ्यात सामान्य कारण गाडीची बॅटरी. इग्निशन ऑन ठेवून वीस-पंचवीस मिनिटं काम चाललं, व्होल्टेज १२ च्या खाली उतरलं आणि लिहिता लिहिता संपर्क तुटला, तर बीसीएम, म्हणजे चाव्यांची नोंद ठेवणारा गाडीचा संगणक, अर्धवट अवस्थेत अडकतो. चांगला कारागीर आधी व्होल्टेज बघतो, चार्जर जोडतो, एसी-म्युझिक-दिवे बंद करतो, आणि मेमरीत हात घालायचा असेल तर जुन्या डेटाची प्रत काढून ठेवतो. अंदाजाने पिन मारणाऱ्याला तर लगेच थांबवा. चुकीचे पिन दिले की काही इमोबिलायझर तासभर कुणाचंच ऐकत नाहीत.

पात्याकडेही बघा. दहा वर्षं वापरलेल्या चावीवरून कापलेली चावी त्या चावीची झीजही घेऊन येते. मग दार उघडायला हलवाहलवी, इग्निशनमध्ये अडकणं, आणि मऊ धातूचं स्वस्त ब्लँक (न कापलेलं कोरं पातं) असेल तर एक दिवस आत तुटणं. नव्या गाडीबरोबर चाव्यांच्या जुडग्याला नंबर कोरलेली छोटी पट्टी येते. त्या नंबरावरून कोरं, मूळ मापाचं पातं कापता येतं. ती पट्टी चाव्यांपासून वेगळी, घरातल्या कागदपत्रांत ठेवा.

आता तिसरा मार्ग, बायपासचा, ज्याच्याबद्दल राग आहे. पिन मिळत नाही, चिप वाचता येत नाही, किंवा कटकट नको. मग स्टेअरिंगखालचं कव्हर उघडायचं, एक चालू चिप कॉइलला टेपने कायमची चिकटवायची, कव्हर लावायचं. झालं. आता दाते जुळणारी कुठलीही साधी चावी गाडी सुरू करते. ग्राहक खूष, कारण स्वस्तात झालं. काही ठिकाणी रिमोट स्टार्ट बसवतानाही हीच शक्कल वापरतात आणि दुसरी मूळ चावी त्यात बळी देतात. गाडी यानंतर कुलपाच्या बाबतीत पद्मिनी झाली, हे मालकाला कुणी सांगत नाही.

'चोराला काय, तो असाही नेतो' हे उत्तर मला पटत नाही. अमेरिकेत ह्युंदाई आणि किआच्या २०११ ते २०२२ दरम्यानच्या अनेक फिरवायच्या चावीच्या गाड्यांना इमोबिलायझरच नव्हता. २०१५च्या मॉडेलांत इमोबिलायझर असण्याचं प्रमाण या दोन कंपन्यांत २६ टक्के, बाकी कंपन्यांत ९६. समाजमाध्यमांवर या गाड्या चावीशिवाय सुरू करायची युक्ती पसरली आणि पोरंसोरं गाड्या पळवू लागली. २०२३ साली कंपन्यांना सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर द्यावं लागलं. हायटॅग-२ची कमजोरी २०१२ साली संशोधकांनी जाहीर केली आहे. मेगामॉसवरचा शोधनिबंध तर फोक्सवॅगनने ब्रिटनच्या न्यायालयातून अडवला होता, तो २०१५ साली बाहेर आला. म्हणजे चिप अभेद्य नाही, मान्य. पण कमजोर कुलूप असलेलं दार आणि सताड उघडं दार यात फरक आहे.

बायपास केलाय का, हे ओळखणं सोपं आहे. फिरवायच्या चावीच्या डोक्याला स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचे दोन-तीन पदर घट्ट गुंडाळा, बाकीच्या चाव्या गाडीपासून लांब ठेवा, आणि गाडी सुरू करून बघा. सुरू होऊन चालत राहिली तर स्टेअरिंगखाली काहीतरी लपवलंय असं धरा आणि कव्हर उघडून घ्या. जुनी गाडी विकत घेताना ही चाचणी जरूर करा, आणि ताबा मिळाल्यावर पहिलं काम म्हणजे सगळ्या चाव्या पुसून तुमच्याकडच्या पुन्हा नोंदवणं. आधीच्या मालकाच्या ड्रायव्हरकडे काय आहे कुणास ठाऊक.

काम झाल्यावर कारागिराकडून यंत्रावर नोंदलेल्या चाव्यांची संख्या बघून घ्या, जिथे यंत्र ती दाखवतं तिथे. आधी दोन होती आणि आता तीन, तर प्रोग्रॅमिंग झालं. हरवलेली चावी काढलेली नसतानाही दोनच राहिली तर क्लोन आहे, आणि तुम्ही पैसे कशाचे दिलेत ते तपासा. मग प्रत्येक चावीने, एकेकटी, तीन वेळा गाडी सुरू करा. दोन मिनिटं चालू द्या. ड्रायव्हरचं दार आणि डिकीला कुलूप असेल तर तेही हाताने उघडून बघा, रिमोटने नाही.

शोरूम की चावीवाला? चावीवाल्याला नावं ठेवायची फॅशन आहे, पण प्रोग्रॅमिंग दोघंही गाडीच्या मेमरीतच करतात. नव्या पुश बटणवाल्या आणि कंपनीच्या सर्व्हरशिवाय न उघडणाऱ्या गाड्या शोरूमलाच न्या. वॉरंटीतली गाडीही. बाकी ठिकाणी ओळखपत्र आणि आरसी न बघता चावी बनवून देणारा माणूस टाळा. तो उद्या तुमच्या गाडीची चावीही कुणाला तरी तशीच बनवून देईल. आणि शोरूमने हरवलेल्या एका चावीसाठी पूर्ण लॉकसेट बदलायला सांगितलं तर का ते विचारा. चावी आरसीसकट चोरीला गेली असेल, म्हणजे चोराला पत्ता माहीत असेल, तर तो खर्च रास्त आहे. समुद्रात पडली असेल तर नाही.

चावी हरवली की पोलिसांकडे हरवल्याची नोंद करा आणि नव्या चावीची पावती जपून ठेवा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, आणि एकच दिली तर दुसरीचा हिशेब द्यावा लागतो.

शेवटचं, फेसबुकपुरतं. नवीन गाडीच्या डिलिव्हरीचे फोटो टाकताना पुठ्ठ्याची मोठी चावी हवी तेवढी मिरवा, पण खऱ्या चावीचं पातं कॅमेऱ्यासमोर धरू नका. स्पष्ट फोटोवरून दात्यांची मापं काढता येतात. काही शंका असेल तर गाडीचं मॉडेल, वर्ष आणि चावी फिरवायची की पुश बटणाची एवढं खाली लिहा. चॅसिस नंबर आणि पट्टीवरचा चावीचा नंबर टाकू नका, पिन आणि पातं त्यावरूनच निघतात.