पडद्याचा कार्पेट एरिया

चौतीस इंची अल्ट्रावाइड मॉनिटर घरात आला की माणूस आधी एक्सेल उघडतो. मीही उघडलं. 'झेड' संपून 'ए-ए', 'ए-बी' सुरू झाले तरी सरकवायची गरज नाही! त्याच तोऱ्यात रोजच्या पेपरची वेबसाइट लावली, तर बातमी मधोमध पट्टीसारखी उभी आणि दोन्हीकडे नुसतं पांढरं.

"अहो, हे अर्धंच लागलंय," बायको म्हणाली. "वायर नीट खोचा बघू."

वायर नीट होती. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पुतण्याला फोन लावला. "काका, मॅक्स-विड्थ दिली असेल त्यांनी. मार्जिन ऑटो." डॉक्टर 'व्हायरल आहे' म्हणतात, त्या सुरात. म्हणजे मजकुराला ठरावीक रुंदीपुढे जाऊ द्यायचं नाही आणि उरलेली जागा दोन्हीकडे सारखी सोडायची.

हिशेब असा. पडदा ३४४० पिक्सेल रुंद, मजकुराची पट्टी ९६०. म्हणजे डावीकडे १२४० आणि उजवीकडे १२४० रिकामे. बिल्डर निदान जिना आणि लिफ्ट दाखवून सुपर बिल्टअपचे पैसे घेतो. इथे दाखवायला तेवढंही नाही.

९६० हा आकडा कुणाच्या लहरीतून आलेला नाही. बहुतेक पडदे १०२४ रुंद होते तेव्हा स्क्रोलबार आणि खिडकीची कड वजा जाता एवढीच जागा हाताशी उरायची. शिवाय ९६० ला २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२ अशा कशानेही भाग जातो, त्यामुळे कॉलम पाडणारे खूश. त्याआधी ८०० बाय ६०० च्या जमान्यात साइटी साधारण ७६० च्या असत. काही सरकारी खाती अजून तिथेच सुखाने नांदताहेत. त्यांचा फॉर्म मध्यभागीसुद्धा येत नाही, डाव्या कोपऱ्यात अंग चोरून बसतो, आणि तळाशी सूचना असते: '१०२४ बाय ७६८ मध्ये उत्तम दिसेल.' आता जुना मॉनिटर कुठून आणू? तो देऊनच तर नव्यावर सूट मिळवली!

"पण आताच्या साइटी मुद्दाम अरुंद ठेवतात," पुतण्या म्हणाला. "ओळ लांब झाली की डोळा परत येताना चुकतो." छपाईतले जाणकार एका ओळीला ४५ ते ७५ अक्षरं बरी मानतात. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून जे जागतिक नियम आहेत, त्यांच्या सगळ्यात कडक पातळीवर ८० च्या पुढे जायचं नाही असं सांगितलंय.

मी म्हटलं, "आपल्या पोथ्या बघ. आडव्या, ओळी लांबच लांब. पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या ना लोकांनी?"

"मग आजी बोट ठेवून का वाचायची?"

हल्लीची मुलं उलट उत्तरं फार देतात.

तरी हट्टाला पेटलो. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २०२३ मध्ये आपलं रूप बदलून मजकूर आक्रसून घेतला, तेव्हा अनेक वाचकांनी कटकट केली होती. तिथे रुंदी वाढवायची सोय आहे. वाढवली. पानिपतची लढाई या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली. पहिली ओळ मान फिरवत वाचली, परत येताना भलत्याच ओळीवर उतरलो, आणि विश्वासरावांना गोळी लागल्यावर मराठी फौज पुन्हा उत्तरेकडे कूच करू लागली. मुकाट्याने रुंदी होती तशी केली. मानेला बाम लावला तो वेगळाच.

मग पुतण्याने तोडगा सुचवला: दोन खिडक्या शेजारी शेजारी लावा. लावल्या. प्रत्येकीला १७२० मिळाले, पट्ट्या ९६० च्या ९६० च राहिल्या. म्हणजे मोकळी जागा आधी दोन ठिकाणी होती, ती आता चार ठिकाणी झाली.

शेवटी त्या जागेचा उपयोग बायकोने शोधला. उजवीकडच्या पांढऱ्यावर ती पिवळ्या चिकट चिठ्ठ्या लावते: गॅस, दळण, इस्त्रीवाल्याचे पैसे. पेपर वाचताना काही अडत नाही. एक्सेल उघडलं की मात्र 'ए-बी' कॉलमवर दळण येतं, आणि ते आणून टाकल्याशिवाय खालची बेरीज दिसत नाही.