मामांचं डोकं

परवा नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नाशीचा कार्यक्रम झाला. फोटोंचा व्हिडिओ मी केला होता. आधीच सांगून ठेवतो, कारण तिथे कोणी सांगितलं नाही.

१२० फोटो, प्रत्येकी ४ सेकंद, म्हणजे ८ मिनिटं. गाणीही मोजून ८ मिनिटांची जोडली. मग हौसेने प्रत्येक दोन फोटोंमध्ये एका सेकंदाचं ट्रान्झिशन घातलं आणि व्हिडिओ ६ मिनिटांवर आला. एक फोटो विरताना दुसरा उगवत असतो, तो सेकंद दोघांच्याही खिशातून जातो, हे मला रात्री दीड वाजता कळलं. ११९ सेकंद गुल! जुन्या अल्बममध्ये ट्रान्झिशन म्हणजे मधला बटरपेपर. त्याने कधी कोणाचा वेळ खाल्ला नाही.

आणि शेजारी मामा. डोंबिवलीहून चार दिवस आधीच येऊन दाखल.

"माझं डोकं कुठंय?"

"येतंय मामा. फोटो उभा, टीव्ही आडवा. त्यामुळे कॅमेरा खालून वर सरकतोय."

"कधी पोचेल?"

"४ सेकंदांत."

आम्ही दोघंही वाट बघत बसलो. सफारीची बटणं गेली, खिशातलं पेन गेलं, हनुवटी आली आणि फोटो विरला.

"लग्न मी जमवलंय रे," मामा म्हणाले.

या सरकण्याला केन बर्न्स इफेक्ट म्हणतात. त्या अमेरिकन माहितीपटवाल्याने जुन्या, निश्चल फोटोंवरून असा कॅमेरा फिरवून त्यांच्यात जीव आणला. ॲपलने २००३ मध्ये आयमूव्ही या आपल्या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं बटण करून टाकलं. पण कुठे बघायचं हे तो माणूस ठरवत होता. बटणाला काय, वधूवर सोडून मागे सरबत पिणाऱ्या अनोळखी गृहस्थावरही ते तितक्याच प्रेमाने झूम करतं.

मी सुरुवातीची आणि शेवटची चौकट अदलाबदल केली. आता चेहऱ्यापासून सुरुवात.

"आता पोटावर येऊन थांबलास. हे मुद्दाम?"

"नाही हो."

"तुझ्या काकांचं पोट नाही दाखवलंस. आणि त्यांना ६ सेकंद कसे?"

"त्या फोटोत अकरा माणसं आहेत मामा."

"मग माझ्या फोटोला ते पान उलटतं ते घाल. काकांना तो गरगर फिरणारा चौकोन दे. फिरू देत."

घातलं. तेवढ्यात धाकट्या भावाने शेवटचे नऊ फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. पंधरा दिवस मागत होतो. नऊही स्क्रीनशॉट, वर १२ टक्के बॅटरीसकट. याच्या घरी अल्बम आहे, स्टेशनपासून दहा मिनिटांवर घर आहे, पण नाही. आईच्या हळदीच्या एकुलत्या एका फोटोवर आता कायमची बॅटरी संपत आलेली आहे.

हॉलमध्ये ट्यूबलाइट बंद करायला कोणी तयार नव्हतं, कारण पुऱ्या वाढायला सुरुवात झाली होती. भाच्याने लॅपटॉपवर प्ले दाबलं. "काय हुशार आहे पोरगा!" टाळ्या. ऑपरेटरने पडदा भरावा म्हणून चित्र ताणलं, त्यात सगळं खानदान बुटकं आणि रुंद झालं. काका गरगर फिरले, त्यांना फार आवडलं.

काल मामांचा फोन आला.

"व्हिडिओ छान झाला हो. आता एक कर, त्यातले फोटो तेवढे वेगळे काढून पाठव. न हलणारे."