तोफेच्या तोंडी

इस्तंबूलला जायचं ठरलं तेव्हा बायकोने मोबाइलवर भाषांतराचं अ‍ॅप घेतलं. मी नाही घेतलं. तीस वर्षं भूमी अभिलेखात घासलेल्या माणसाला तुर्की शिकायची गरजच काय? हद्द, हरकत, दस्त, तहसील, वसूल... आमचं अर्धं दफ्तर अरबी-फारसीतून आलेलं, आणि तुर्कांनीही तिथूनच उचल केलेली. म्हणजे आम्ही एकाच सावकाराचे ऋणको. त्यातून अतातुर्कांनी १९२८ साली लिपी बदलून रोमन केली, त्यामुळे पाट्या वाचायचीही सोय झालेली.

पहिल्याच जेवणानंतर मी हवेत दोन बोटांनी लिहून दाखवलं आणि म्हणालो, "हिशेब!" वेटर म्हणाला, "हेसाप?" आणि बिल घेऊन आला. तिथे ताटली म्हणजे 'ताबाक', साबण म्हणजे 'साबुन', हमाल तर हमालच. उस्मानी साम्राज्य मीच वसवल्यासारखं मी बायकोकडे पाहिलं.

चहाला 'चाय' म्हणतात, तेव्हा तिथेही काही अडायला नको होतं. पण कंबरेत बारीक अशा इवल्याशा ग्लासात तो आला तो कोराच, बशीत साखरेच्या दोन वड्या. बायकोने अ‍ॅपवरून दूध मागितलं. वेटरने आळीपाळीने दोघांचे चेहरे निरखले, यातलं आजारी कोण ते ठरवलं आणि माझ्यापुढे ग्लासभर गरम दूध ठेवलं. मी ते निमूट प्यालो.

त्याचा परिणाम गलाता पुलाजवळ जाणवला. स्वच्छतागृहाला दोन दारं. एकावर 'बाय', दुसऱ्यावर 'बायान'. अलिबागच्या माझ्या आत्याला अख्खी आळी 'बाय' म्हणायची, तेव्हा पहिलं दार बायकांचं हे उघड होतं. मी ताठ मानेने दुसऱ्यात शिरलो. आत तीन आज्या आरशासमोर डोक्याचे रुमाल नीट करत होत्या. त्यांनी मला जे ऐकवलं, त्यातला एकही शब्द अरबी-फारसीतून आलेला वाटला नाही. तुर्कीत बाय म्हणजे पुरुष.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता.

आमचं हॉटेल ट्रामच्या 'तोपहाने' थांब्याजवळ होतं, म्हणजे तोफखान्यात. तोफखाना नगरलाही आहेच, मग मूळ नगरच्या माणसाने दुसरीकडे उतरायचं तरी कुठे? आपला 'तोफ' हा शब्दच मुळी तुर्की 'तोप'वरून आला. सुलतानांचा राजवाडा 'तोपकापी', आणि कापी म्हणजे दरवाजा. तोफदरवाजा! त्याच नावाचा थांबा आमच्याच ट्रामच्या नकाशावर ठळक छापलेला. याहून सोपं काय असणार?

ट्राम गलाता पुलावरून निघाली. कठड्याला ओळीने माणसं गळ टाकून उभी, खाली गोल्डन हॉर्नचं पाणी. मग गुल्हाने आलं.

"अहो, सगळे कॅमेरेवाले इथे उतरतायत."

"उतरू देत. हा गुलखाना आहे. तोपकापी पुढे आहे."

सुलतानअहमेतला उरलेसुरले टोपीवालेही उतरले. डब्यात भाजीच्या पिशव्या घेतलेली माणसं आणि आम्ही दोघं. बायको काही बोलली नाही. हे लक्षण वाईट असतं, पण मला थांबे मोजायचे होते.

तोपकापीला उतरलो तर समोर भलाथोरला रस्ता, गाड्यांचा लोंढा आणि पडझड झालेला प्रचंड तट. राजवाडा कुठेच नाही. तट मात्र खरा होता. पाचव्या शतकात थिओडोसियसच्या काळात बांधलेला, हजार वर्षं शहर राखणारा. हंगेरीच्या एका ओताऱ्याने आधी बायझंटाइन सम्राटाला तोफा ओतून देऊ केल्या म्हणतात. सम्राटाला काही त्याचा पगार परवडेना, तसा तो उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमेदच्या पदरी गेला. १४५३ साली त्याच्याच थोरल्या तोफेने ह्या बाजूचा तट फोडला. बायकोने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तोफ कळली. राजवाडा?"

मी एका म्हाताऱ्या गृहस्थांना "साराय?" असं विचारलं. त्यांनी आम्ही आलो त्याच दिशेला बोट केलं आणि बराच वेळ बोलले. बायकोने मोबाइल पुढे धरला.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, तुमच्यासारखे रोज येतात."

तर, शहराला तोफदरवाजे दोन. एक ह्या तटात, दुसरा चार-पाच किलोमीटरवर पाण्याच्या काठी. राजवाड्याला नाव मिळालं ते त्या दुसऱ्याचं, आणि त्यासाठी उतरायचं गुलखान्यात.

परत ट्राम, मग चढ. घामाघूम होऊन फाटकाशी पोचलो तर पहारेकरी हात आडवा करून म्हणाला, "साली! कापाली!"

माझं डोकंच फिरलं. बायकोसमोर ही भाषा? मी बाह्या सरसावतोय तोवर तिने अ‍ॅप दाखवलं. साली म्हणजे मंगळवार, कापाली म्हणजे बंद. दर मंगळवारी राजवाडा बंद असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं परतीचं विमान. कपाळी हेच होतं.

"म्हणजे सकाळी इथे उतरलो असतो तरी बंदच होता," मी म्हणालो. तिने मला हाताला धरून एमिनोनूच्या धक्क्यावर नेलं.

धक्के बरेच होते. मी कादिकॉयची बोट निवडली. कादी म्हणजे काझी, कॉय म्हणजे खेडं, काझीचं गाव, हे तिला समजावलं. बोट सुटली. सीगल पक्षी मागे लागले, लोक त्यांना सिमितचे, म्हणजे तीळ लावलेल्या गोल पावाचे, तुकडे उडवत होते. बायकोने "इकी चाय" म्हणून दोन चहा मागवले, आणि दोनच आले. दूध कुणी मागितलं नाही. मागे झाडांच्या गर्दीतून वर डोकावणारा राजवाड्याचा मनोरा दिसत होता.

पंधरा-वीस मिनिटांत पैलतीर आला. धक्क्यावर मोठ्या अक्षरांत पाटी होती : उस्कुदार.

बायकोने ती सावकाश वाचली, चहाचा शेवटचा घोट घेतला आणि विचारलं, "हे कुठल्या काझीचं?"